राबाचे दहा दिवस

कागद पाण्यात बुडवायचा, मनातल्या मनात पाचपर्यंत मोजायचं, वर काढायचा आणि सावलीत धरायचा. मग त्यावर जो रंग चढेल त्याच्या जोडीचा दोरा गुंड्यांतून शोधून कापडाच्या पट्टीवर एक टाका घालायचा. हे सगळं झटपट करावं लागे, कारण त्या कागदाचा रंग फार वेळ तसाच राहत नसे. गेले पाच महिने गोजराबाई रोज दिवस मावळायच्या आधी रिहे गावच्या शाळेच्या मागच्या पडवीत बसून हे काम करत होती. आजवर तिचा हात पांढऱ्या गुंडीपाशी थांबायचा, फार तर जवसाच्या फुलाच्या फिक्या निळ्यापाशी. आज तो कोवळ्या वांग्याच्या रंगावरूनही पुढं सरकला आणि पिकल्या जांभळाच्या गुंडीवर येऊन बसला. ही गुंडी तिनं अजून सोडलीसुद्धा नव्हती.

तिनं कागद पुन्हा बुडवून पाहिला. तो आणखी गडद झाला.

"अजून तुजी धुनी वाळली न्हाईत व्हय?" मागून जाऊ रंभाबाईचा आवाज आला. ती रिकामी पाटी घेऊन शेतावरून परत चालली होती आणि कपाळापासून पायापर्यंत राखेनं माखली होती. "बोटभर कागुद वाळवायला आख्खी शाळा लागती बया तुला."

"आक्का, आज कुनाकुनाचं राब पेटलं?"

"आपलं, न् वरल्या आळीचं. उद्या खालच्या आळीचं. धा दिस तरी चालंल समदं. का गं?"

"काय न्हाई. आपलं इचारलं."

रंभाबाई खोकत खोकत निघून गेली. गोजराबाईनं त्या दिवशी टाका घातलाच नाही.

मुळशीच्या बाजूला भाताची रोपं करायची तर आधी जमीन भाजावी लागते. वाफ्यावर शेणाचा थर, त्यावर तोडून वाळवलेल्या फांद्या, त्यावर पालापाचोळा आणि गवत, सगळ्यात वर बारीक माती. मग वाऱ्याचा अंदाज घेऊन त्याला आग लावायची. त्याला राब म्हणतात. राब नीट भाजला नाही तर तण माजतं आणि रोप पिवळं पडतं. रिह्याच्या खोऱ्याला तीन बाजूंनी डोंगर, त्यामुळं चैत्रात हा धूर दिवसदिवस गावातच लोळत बसतो. पोरं खोकतात, म्हाताऱ्यांच्या डोळ्यांना धार लागते, पण तक्रार कुणी करत नाही. राबाच्या धुराला नावं ठेवणं म्हणजे पुढच्या भाताला नावं ठेवणं.

कागदाचा उद्योग पुण्याच्या नेनेबाईंचा होता. कुमुदिनी नेने एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. एकट्या राहायच्या, भरभर बोलायच्या, आणि बोलताना चष्मा काढून पदरानं पुसायच्या. त्यांचं नाव निघालं की गोजराबाईचे हात आपोआप जोडले जायचे. त्याला कारण होतं.

तिचा नवरा कोंडाजी लग्नानंतर वर्षभरात पुण्याला गेला आणि एका खाजगी कारखान्यात लॉऱ्यांना रंग मारायच्या कामाला लागला. हवेच्या बंदुकीनं रंगाचा फवारा मारायचा, तोंडाला ओलं फडकं बांधायचं, सुट्टी मिळाली तर दिवाळीला गावी यायचं. अठरा वर्षं हेच चाललं. त्या कारखान्याच्या मागच्या बाजूला नेनेबाईंचं घर होतं. रंगाचा आणि त्यात मिसळायच्या थिनरचा वास त्यांच्या स्वयंपाकघरात शिरायचा. एक दिवस त्या तावातावानं तक्रार करायला गेल्या, तर लॉरीच्या आडोशाला बसून खोकणारा कोंडाजी दिसला. तक्रार राहिली बाजूला. बाईंनी त्याला ओळखीच्या डॉक्टरांकडं नेलं, दोन महिने औषधपाणी केलं आणि शेवटी दटावून गावाला धाडलं.

डॉक्टरांनी वर्षाचीच बोली केली होती. कोंडाजी रिह्याच्या हवेत चार वर्षं जगला. अठरा वर्षांत बायकोशी बोलला नव्हता तेवढं त्या चार वर्षांत बोलला. गोधडी शिवणाऱ्या बायकोसमोर बसून तो रंग ओळखायला शिकवायचा, निळ्यात लाल किती आहे ते सांगायचा. लोकांना वाटायचं, बिचारीच्या नशिबी आजारी माणसाची उस्तवार आली. गोजराबाईच्या लेखी तिचा खरा संसार तेवढाच झाला, आणि तो नेनेबाईंनी दिला होता.

कोंडाजी गेल्यावर बाई भेटायला आल्या. घोटावड्यापर्यंत एस.टी.नं आणि पुढं उन्हातनं चालत. चहा झाल्यावर म्हणाल्या, "गोजराबाई, मला एक कोडं सुटत नव्हतं. कारखान्यात रंगकाम चालायचं सकाळी. पण माझे डोळे चुरचुरायचे दुपारी, काम थांबल्यावर. आता थोडं थोडं उलगडतंय."

आणि मग त्यांनी ते सांगितलं. मोटारीच्या मागून निघणारा धूर, पेट्रोलची उडून जाणारी वाफ, रंगातला थिनर, कारखान्यांची धुराडी, ही सगळी मंडळी शहराच्या हवेत हिंडत असतात. वर ऊन तापलं की ती एकमेकांत मिसळतात आणि त्यांतून वेगळाच वायू तयार होतो. त्याला ओझोन म्हणतात. आभाळात फार उंचावर तो असतो ते चांगलं, पण खाली माणसाच्या नाकाशी आला की घसा धरतो, छाती भरून येते.

"म्हंजी जिनसा येगयेगळ्या न् चूल येकच," गोजराबाई म्हणाली. "सुर्व्याची."

बाईंनी चष्मा काढला आणि पुसायला विसरल्या. "वर्गात मी हे तासभर सांगते," त्या म्हणाल्या.

त्यांच्याजवळ खळ आणि एक औषध लावून वाळवलेले कागद होते. हा वायू लागला की कागद निळा-जांभळा होई. पुण्यात पाच ठिकाणी झडपांच्या पेट्यांत ते कागद लावायचे होते, आणि एक पेटी खेड्यात. "रिह्याचा कागद पांढरा राहिला, तर पुण्याच्या जांभळ्या कागदाला काही अर्थ आहे. नाहीतर लोक म्हणतील, हवा असतेच अशी." गोजराबाई शाळेत झाडलोट करायची, पाणी भरायची, म्हणून पेटी शाळेच्या पडवीत आली.

पण गोजराबाईला लिहिता कुठं येत होतं? नेनेबाईंनी शून्य ते दहा अशा रंगांच्या छापील पट्ट्या आणल्या होत्या. गोजराबाईनं त्या उलटसुलट करून पाहिल्या आणि म्हणाली, "ह्ये कमी हायेत. ह्या तीनच्या न् चारच्या मधी आनिक दोन रंग असत्यात." तिनं मांजरपाटाची एक पट्टी घेतली आणि ठरवून टाकलं, दिवसाला एक टाका, महिन्याला एक ओळ, कागदाचा जो रंग त्याच रंगाचा दोरा. मानधनाचा विषय निघाला तेव्हा तिनं हात जोडले. "दोरं आनून द्या. बाकी काय नगं. खाल्ल्या मिठाला जागू द्या आमाला."

असा तो कारभार कार्तिकात सुरू झाला आणि चैत्रापर्यंत पट्टीवर जवळजवळ सगळ्या पांढऱ्या टाक्यांच्या पाच ओळी झाल्या. बाई महिन्यातून एकदा यायच्या, त्या ओळींवरून बोट फिरवायच्या आणि तृप्त होऊन परत जायच्या.

आणि आता राब पेटले होते.

दुसऱ्या दिवशी कागद आणखी गडद आला. गोजराबाईनं दोन्ही कागद देव्हाऱ्याखालच्या डब्यात ठेवले आणि रात्रभर कूस बदलत राहिली. बाईंनी एवढ्या विश्वासानं पेटी दिली आणि आपल्या गावानं त्यांचं नाक कापलं. पण उजाडता उजाडता तिच्या डोक्यात एक लख्ख विचार आला, आणि सगळ्या लख्ख विचारांप्रमाणं तो चुकीचा होता. बाईंना मोटारीचा धूर पाहिजे, रंगाचा पाहिजे, कारखान्याचा पाहिजे. राबाचा धूर हा काय धूर आहे? तो तर भात आहे. पाहुणा आला म्हणून घराची वस्ती वाढली असं कुणी म्हणतं का? दहा दिवसांचा पाहुणा, येईल आणि जाईल. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे माणसाला पोरांच्या बाबतीत जमतं तसंच धुराच्या बाबतीतही जमतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं पेटी डोक्यावर घेतली आणि गावाच्या वरची देवराई गाठली. तिथवर धूर चढत नसे. आठ दिवस ती रोज तासभराची चढण चढली, कागद लावला, संध्याकाळी उतरवला. आठही दिवस कागद पांढरा आला. तिनं पांढरे टाके घातले, आणि एका दमात मागच्या दोन दिवसांचेही पांढरेच घातले. राब विझले तेव्हा पेटी परत पडवीत आली. कुणाला काही कळलं नाही.

पुढच्या रविवारी नेनेबाई आल्या. त्यांनी दोऱ्यांच्या नव्या गुंड्या आणल्या होत्या आणि त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. येत्या गुरुवारी पुण्यात संशोधनाला पैसे देणारी समिती बसणार होती. समितीनं मदत मंजूर केली तर शहरभर पेट्या लावता येणार होत्या. मग कुठल्या रस्त्यावर, कुठल्या कारखान्यामागं काय शिजतंय ते कागदावर दाखवता येणार होतं.

"कोंडाजींसारखी माणसं कशानं खंगतात ते कुणालातरी पाहावं लागेल मग," बाई म्हणाल्या. त्यांनी चैत्राच्या ओळीवरून बोट फिरवलं. "मधे काही वेगळं घडलं नाही ना?"

"न्हाई," गोजराबाई म्हणाली.

"तुमचे उपकार कसे फेडू मी?" असं म्हणून बाईंनी पट्टीची घडी पिशवीत ठेवली. ज्या बाईचे उपकार आपल्याला सात जन्मांत फिटायचे नाहीत, ती आपल्यालाच हे म्हणतेय, हे गोजराबाईला सहन होईना. ती पाणी आणायच्या निमित्तानं आत गेली आणि बाईंची निघायची वेळ होईपर्यंत बाहेर आली नाही.

मंगळवारी ती रंभाबाईबरोबर राबाची ढेकळं फोडत होती. रंभाबाईला खोकल्याची उबळ आली, ती बांधावर बसली आणि बराच वेळ उठली नाही. राब विझून आठवडा झाला होता, तरी तिचा खोकला हटला नव्हता.

"आक्का, पौडाला दवाखान्यात दाखीव की."

"ह्याला काय दाखवायचं? दर सालाचंच हाय." रंभाबाईनं छाती चोळली. "राबाचा धूर म्हंजी भात. भाताला कोन नाव ठिवतं व्हय?"

गोजराबाईचा हात थांबला. कोंडाजी शेवटच्या वर्षी एक गोष्ट पुन्हापुन्हा सांगायचा. रंगाच्या वासानं डोकं उठतं म्हणून त्यानं एकदा मालकाकडं तक्रार केली, तर मालक हसून म्हणाला होता, "कोंडाजी, हा वास नाही, ही तुझी भाकरी आहे. भाकरीला नाव ठेवू नये." आणि कोंडाजीनं पुढं कधी तोंड उघडलं नाही. गोजराबाईनं त्या मालकाला आजवर मनातल्या मनात शंभर शिव्या दिल्या होत्या. आता तेच वाक्य जावेच्या तोंडून आलं होतं, आणि त्याच्याही आधी ते तिच्या स्वतःच्या मनात येऊन गेलं होतं. मालकाची भाकरी आणि तिचं भात. तिला एकदम स्वतःचीच लाज वाटली.

बुधवारी सकाळी ती घोटावड्याला चालत गेली आणि पुण्याची एस.टी. धरली.

नेनेबाई प्रयोगशाळेत उद्याच्या तयारीत होत्या. टेबलावर पाच शहरी पेट्यांचे तक्ते आणि मध्ये मांजरपाटाची पट्टी उलगडून ठेवली होती. गोजराबाईनं बसायलाही नकार दिला. उभ्याउभ्या सगळं सांगितलं. राब, दोन कागद, देवराई, पांढरे टाके. पदराच्या गाठीतून तिनं ते दोन कागद काढून टेबलावर ठेवले. दोन्ही जवळजवळ कोरे होते.

"फिका पडतू ठावं हुतं, पर समदा रंग कुटं ग्येला?" तिनं कागद पालथे करून पाहिले. "बाई, द्येवाच्यान सांगते, जांभळं हुतं."

"हा रंग उडून जातो," बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढला. खाली रस्त्यावरून एक बस कण्हत गेली आणि खिडकीची तावदानं थरथरली.

"एक वर्ष झालं मी ह्या गुरुवारची वाट पाहतेय," त्या शेवटी म्हणाल्या. "विचारलं होतं मी तुम्हाला. काही वेगळं घडलं का म्हणून."

"व्हय."

"मग?"

"तुमचं म्हननं खोटं पडंल म्हून भ्याले. तुमी माज्या धन्याला चार वरसं दिली. मी तुमाला काय द्यावं? काळा कागुद? पर काल वाटलं, धनी असता तर म्हनला असता, गोजरा, तू त्या मालकावानीच केलंस."

नेनेबाई खिडकीशी गेल्या, परत आल्या. त्यांचा राग चेहऱ्यावर दिसत होता, पण तो हळूहळू कुठंतरी दुसरीकडं वळत होता. "पेटी देण्याआधीच विचारायला हवं होतं मी, की तुमच्या गावात केव्हा काय जळतं. मोटारी नाहीत म्हटल्यावर मी निवांत झाले. खेड्यातली हवा म्हणजे गंगाजल, असं मीही धरूनच चालले होते." त्यांनी खुर्ची ओढली. "बसा. ते दोन रंग नक्की आठवतात?"

"पैल्या दिशी पिकल्या जांभळाचा. दुसऱ्या दिशी त्याच्या वरचा, जरा तांबूस."

"तुम्हाला आठवतात म्हणजे ते तसेच होते. आता उसवा."

गोजराबाईनं कमरेची सुईदोऱ्याची पिशवी सोडली. दहा टाके उसवले. पहिल्या दोन जागी त्या दोन जांभळ्या छटांचे दोरे घातले. उरलेल्या आठ जागी नुसती भोकं राहिली. गोधडी शिवणारी बाई उसवलेल्या जागेवर नख घासते, म्हणजे धागे सरकून भोकं बुजतात. तिनं सवयीनं अंगठा टेकवला. नेनेबाईंनी तिचा हात धरला.

"राहू देत," त्या म्हणाल्या. "ती दिसायला हवीत. ते आठ दिवस आपण पाहिलेले नाहीत."

रात्री बाईंनी तिला आपल्या घरी ठेवून घेतलं, स्वतःच्या हातानं पिठलं-भात करून वाढला. दुसऱ्या दिवशी समितीच्या खोलीतही बरोबर नेलं आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं. "हवा ज्यांनी पाहिली त्या इथं आहेत," एवढंच सांगितलं. पाच गृहस्थ होते. त्यांनी शहराचे तक्ते पाहिले, माना डोलावल्या. मग पट्टी हातोहात फिरली. कापडावर शिवलेला अभ्यास पाहून एकजण गालात हसला. अध्यक्ष म्हणजे एक वयस्कर, मितभाषी गृहस्थ होते. त्यांनी पट्टी उजेडात धरली.

"हे दोन टाके तर मोटार स्टँडवरच्या पेटीतल्या कागदापेक्षाही गडद आहेत. खेड्यातही असं होत असेल, तर मोटारींचा काय दोष?"

"त्या दोन दिवशी गावात राब पेटले होते," नेनेबाई म्हणाल्या. "धूर मोटारीचा असो, रंगाचा असो की राबाचा, उन्हात शिजला की पदार्थ एकच होतो. फरक एवढाच, की राब वर्षातून दहा दिवस पेटतो. मोटारी तीनशे पासष्ट दिवस."

खोलीत थोडी चुळबुळ झाली. अध्यक्षांनी पट्टीवर बोट ठेवलं. "आणि ही भोकं?"

"त्या आठ दिवसांत पेटी जागेवर नव्हती," बाई म्हणाल्या.

पेटीला पाय फुटले होते काय? गोजराबाईला कळलं, की बाई आपल्यावर पांघरूण घालताहेत. गप्प बसली असती तर गोष्ट तिथंच मिटली असती. ती उठून उभी राहिली.

"सायेब, पेटी मी हलिवली."

"का?"

"बाईंचं लई उपकार हायेत माज्यावर. त्यांचं म्हननं खोटं पडू नये म्हून धुराच्या वर डोंगरावं न्हेली. त्यांनला ठावं नव्हतं. मी काल येऊन सांगितलं." तिनं हात जोडले. "चूक माजी. बाकीचं टाकं खरं हायेत. येकूनयेक."

कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी पट्टीची नीट घडी घातली आणि ती नेनेबाईंना न देता उठून गोजराबाईच्या हातात दिली.

मदत मंजूर झाली नाही. निरीक्षणं अपुरी आहेत आणि निरीक्षकानं एकदा जागा बदलली आहे, असं लेखी उत्तर तासाभरानं मिळालं. नेनेबाईंनी ते उभ्यानंच वाचलं, पिशवीत ठेवलं आणि गोजराबाईला एस.टी. स्टँडवर पोचवायला निघाल्या. स्टँडवर दुपारचं ऊन होतं आणि पाचसात गाड्या एकाच वेळी धूर सोडत उभ्या होत्या. बाईंनी पदर नाकाला लावला.

"नुसकान केलं मी तुमचं," गोजराबाई म्हणाली.

"हो, केलंत." बाईंनी पदर खाली घेतला. "पण आज मी तिथं खोटं दाखवून पैसे घेऊन आले असते, आणि मला ते कधीच कळलं नसतं. आपली चूक सांगायला कुणी घोटावड्यापर्यंत पायी जाऊन एस.टी. धरत नाही, तुम्ही धरलीत. मी तुमचे आभार मानते, गोजराबाई. मनापासून."

गोजराबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तिनं ते पुसलंही नाही. चार वर्षांच्या संसाराचं देणं आज पहिल्यांदा तिला पेलण्याजोगं वाटत होतं.

"उद्यापासून पेटी लावाल?" बाईंनी विचारलं. "माझ्याजवळ चाळीसच कागद उरलेत. पुढं करायला औषध नाही."

"द्या," ती म्हणाली.

त्या चाळीस दिवसांचे टाके तिनं नव्या पट्टीवर घातले. बहुतेक पांढरे होते. तीन-चार फिके निळे निघाले, कारण शेजारच्या वाडीत कुणीतरी उशिरानं बांध भाजले होते. तिनं ते निळेच घातले. रंभाबाईला तिनं हाताला धरून पौडाच्या दवाखान्यात नेलं, आणि रंभाबाईनं परतीच्या वाटेवर तिला त्याबद्दल पोटभर शिव्या दिल्या.

चाळिसावा कागद संपला. दुसऱ्या दिवशी ती दिवस मावळायच्या आधी सवयीनं पडवीत येऊन बसली. वाटीत पाणी घेतलं, गुंड्या मांडल्या, पेटीचं दार उघडलं. आत काही नव्हतं. समोर भाजलेल्या वाफ्यांवर भाताची रोपं वीतभर आली होती आणि खोऱ्यात धुराचा मागमूस नव्हता. पांढरा टाका घालायला कुणाची हरकत नव्हती, आणि बहुधा तो खराच ठरला असता.

गोजराबाईनं सुई घेतली. दोरा ओवला नाही. कालच्या टाक्याशेजारी ती कापडातून खाली घातली, वर काढली, आणि भोकावर नख न घासता पट्टीची घडी घातली.